मधल्या ओळीतून वाचताना

१८४८ साली पुण्यात दोन गोष्टी सुरू झाल्या. एक नेटिव्ह जनरल लायब्ररी, म्हणजे आजचं पुणे नगर वाचन मंदिर. दुसरी बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यातली मुलींची शाळा. शाळा काढणारे जोतीराव तेव्हा एकवीस वर्षांचे होते, सावित्रीबाई सतरा वर्षांच्या. त्याच वर्षी मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात लोकहितवादींची पत्रं छापून येऊ लागली, जी पुढे शतपत्रे म्हणून ओळखली गेली. एकाच शहरात, एकाच वर्षी वाचनाची दोन दारं उघडली. एक ज्यांच्या घरात आधीपासून पोथ्या होत्या त्यांच्यासाठी, आणि दुसरं ज्यांच्या हातात पाटी दिली तर घर बुडेल असं मानलं जाई त्यांच्यासाठी.

गेल्या वर्षभरात मी जे वाचलं ते बहुतेक या दोन दारांच्या मधलं आहे. विषय एकच धरला होता: आपला समाज जातीजातींत असा का बसला आहे, आणि त्याची हकिकत आजवर कुणी कुणी कशी सांगितली. मी इतिहास शिकलेली नाही. सहकारी बँकेत नोकरी करते, रात्री जेवणं आवरल्यावर वाचते, आणि माझा जन्म कसब्यातल्या कुंभारवाड्यातला. हे शेवटचं आधीच सांगून टाकते, कारण जातीवरचं पुस्तक कुणीही आपल्या जागेवरून उठून वाचत नाही. प्रत्येकजण आपापल्या पायरीवर बसूनच ते उघडतो.

पुण्यात राहून हा विषय वाचण्यात एक वेगळा ताण आहे. म. म. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राचा पाच खंडांचा, साडेसहा हजार पानांच्या घरात जाणारा इतिहास लिहिला तो इथल्या भांडारकर संस्थेने छापला. महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ पासून १९६६ पर्यंत त्याच आवारात सिद्ध होत होती. आणि तिथून फार लांब नाही अशा गंज पेठेत राहणाऱ्या माणसाने १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिलं, ते अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केलं, आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे १९३२ साली याच तारखेला येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार झाला. एकमेकांना खोडणारी ही सगळी कागदपत्रं एका शहराची आहेत. आपण मात्र त्यातले अर्धे लोक वाचतो आणि उरलेल्या अर्ध्यांना हार घालतो. मला हे फार लागतं. फुल्यांच्या तसबिरीला हार घालणाऱ्या किती घरांत ‘शेतकऱ्याचा असूड’ची दहा पानं वाचलेली आहेत? सरकारने छापलेले आंबेडकरांचे आणि फुल्यांचे खंड अगदी स्वस्तात मिळतात. पैशाची सबब इथे चालत नाही.

माझ्यासाठी या वाचनाला आकार दिला तो त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ने. १९१५ सालचं पुस्तक. आत्रे महसूल खात्यात होते, गावोगाव फिरलेले होते, आणि त्यांची नजर हिशोबनिसाची आहे. कोण काय काम करतो, त्याच्या बदल्यात खळ्यावर त्याला काय मिळतं, कोण कुणाकडून काय उकळतो, हे सगळं त्यांनी टिपलं आहे. बलुतेदारांच्या तीन ओळी: थोरली, मधली आणि धाकटी. कुठली जात कुठल्या ओळीत हे गावागणिक आणि सांगणाऱ्यागणिक थोडं बदलतं. कुंभार मात्र मधल्या ओळीत येतो, परीट आणि न्हाव्याच्या शेजारी.

ही ओळ बलुत्याच्या वाट्याची आहे, प्रतिष्ठेची नाही, हे मला माहीत आहे. तरी तो शब्द माझ्या मनातून गेला नाही, कारण आमची समाजातली जागाही तीच आहे. अगदी मधली. वरच्यांनी आम्हाला कधी बरोबरीचं मानलं नाही आणि खालच्यांना आम्ही कधी बरोबरीचं मानलं नाही. जातीवरच्या बोलण्यात बहुतेक वेळा दोनच टोकं समोर असतात, एकीकडे ब्राह्मण आणि दुसरीकडे दलित. मधले कोट्यवधी लोक या गोष्टीत जणू प्रेक्षक असतात. मला वर्षभराच्या वाचनाने जे काही दिलं असेल ते एवढंच: मधले लोक प्रेक्षक नव्हते. ही व्यवस्था त्यांच्या हातांनी रोज घडवली जात होती.

हे मी कशावरून म्हणते ते सांगते.

१९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणाचं निमंत्रण दिलं. भाषणाचा मजकूर वाचल्यावर मंडळ बिथरलं आणि अधिवेशनच रद्द झालं. बाबासाहेबांनी ते न केलेलं भाषण स्वतः छापलं. त्यात सुरुवातीलाच पेशवाईतल्या पुण्याचा उल्लेख आहे. अस्पृश्यांना कमरेला झाडू बांधून चालावं लागे, म्हणजे त्यांच्या पावलांनी बाटलेली धूळ मागच्या मागे झाडली जावी. आणि गळ्यात मातीचं मडकं अडकवावं लागे, म्हणजे त्यांची थुंकी रस्त्यावर पडू नये. हे वाक्य मराठी माणसाने कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. भाषणांत, पोवाड्यांत, शाळेच्या नाटकांत. ऐकून आपण हळहळतो आणि पुढे जातो.

मी पुढे जाऊ शकले नाही. मडकं म्हटलं की आमच्या घरात पहिला प्रश्न असतो, कुणाच्या चाकावरचं? पुण्यात ज्यांच्या गळ्यात मडकी अडकवली गेली, ती मडकी पुण्यातल्याच कुंभाराने घडवली असणार. माती मळून, चाकावर चढवून, थापटण्याने ठोकून, उन्हात वाळवून, भट्टी लावून. मडकं फुटतं, त्यामुळे ते पुन्हा पुन्हा लागत असणार. म्हणजे कुणाच्या तरी भट्टीत इतर गाडग्या-मडक्यांच्या शेजारी हीही मडकी भाजली जात असणार, आणि ती घडवणाऱ्याला ती कशासाठी आहेत हे ठाऊक असणार.

त्या कुंभाराला नकार देता आला असता असं मी म्हणत नाही. बलुतेदाराला कसला आला नकार! त्याचं पोट त्या गाड्याला बांधलेलं होतं. पण तो गाडा कसा चालत होता हे मला त्या एका मडक्यात दिसलं. मग त्याच्या भोवतीचं आणखीही दिसायला लागलं. तांब्या-पितळेचं भांडं घासलं की शुद्ध होतं. मातीचं भांडं एकदा विटाळलं की टाकून द्यायचं, हा घरोघरचा नियम. सोयर संपलं, सुतक फिटलं, कुणाचा स्पर्श झाला, मडकं बाहेर आणि नवीन आत. विटाळाच्या कल्पनेवर कुंभाराचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालला. आमच्या घटाला घटस्थापनेत मान, आमच्या सुगडांना संक्रांतीला मान, चितेभोवती फिरतं ते मडकंही आमचंच. आणि हा सगळा मान ज्या नियमातून येतो, तोच नियम गंज पेठेच्या, मंगळवार पेठेच्या वस्त्यांमधल्या माणसाला पाणवठ्यावरून हाकलतो. इतक्या सरळ रेषेत हे जोडलेलं आहे, आणि आमच्यात कुणी हे कधी मोठ्याने बोलत नाही.

बाबासाहेब याला श्रेणीबद्ध विषमता म्हणतात. वर पाहिलं की चढता आदर, खाली पाहिलं की उतरता तिरस्कार. प्रत्येक पायरीवरच्याला आपल्या खाली कुणीतरी असल्याचा दिलासा, म्हणून वरच्याविरुद्ध सगळे एकत्र येत नाहीत. हे मी पूर्वी कधी परीक्षेच्या उत्तरासारखं वाचलं असतं तर विसरूनही गेले असते. मडक्यामुळे ते डोक्यात पक्कं बसलं.

आणि मग मुक्ता भेटली.

जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली मुलगी, वय चौदाच्या आसपास. तिचा ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये दोन भागांत, १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या अंकांत छापून आला. जेमतेम काही पानांचा मजकूर. मी वर्षभरात जाडजूड ग्रंथ वाचले, पण त्या निबंधाइतकं कशानेच मला हलवलं नाही. ती लिहिते की वेद ब्राह्मणांचे, ते पाहण्याचाही आम्हाला अधिकार नाही, म्हणजे आम्ही धर्मपुस्तक नसलेली माणसं ठरलो. मग देवा, आमचा धर्म कोणता ते तरी सांग. ज्या धर्मात एकाने उपभोगावं आणि बाकीच्यांनी खाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसावं, तसले धर्म पृथ्वीवरून नाहीसे होवोत, असं ती लिहून जाते. चौदा वर्षांची मुलगी, १८५५ सालच्या पुण्यात! आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परही नसतं, थंडी-वारा-पावसात त्यांचे किती हाल होत असतील, हा प्रश्न विचारणारी ती मराठीतली बहुधा पहिलीच असावी.

त्याच निबंधात बाजीरावाच्या काळाचं वर्णन आहे. मांग किंवा महार तालीमखान्यापुढून गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या शिराचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळत, असं ती लिहिते. पेशवाई बुडून तेव्हा सदतीस वर्षं झाली होती. तिच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी तो काळ डोळ्यांनी पाहिलेला.

गुलटेकडी म्हणजे आमचं मार्केट यार्ड. दसऱ्याला झेंडू तिथूनच आणायचा, वर्षाचा गूळ आणि मिरच्या तिथूनच. पहाटे ट्रक उभे असतात, हमालांच्या पाठीवर पोती, आडते भाव पुकारतात, ओल्या कोथिंबिरीचा आणि डिझेलचा मिसळलेला वास. निबंध वाचल्यानंतर एकदा झेंडू घ्यायला गेले तेव्हा मी तिथे नुसती उभी राहिले. तिथे मुक्ताचं नाव वाचायला मिळावं असं मला फार वाटतं. त्या यार्डात घाम गाळणाऱ्या हमालांना बाबा आढावांनी हमाल पंचायतीत संघटित केलं, आणि त्याच बाबांनी १९७० च्या दशकात ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणत महाराष्ट्रभर पायपीट केली. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाल्यावरही गावांच्या विहिरी दलितांना बंद होत्या, म्हणून ही चळवळ करावी लागली. मुक्ताच्या निबंधापासून तिथपर्यंतचं अंतर जवळजवळ एकशेवीस वर्षांचं आहे. जागा जवळपास तीच.

निबंधातला आणखी एक भाग मला सोडत नाही. ती मांग समाजाची आहे, आणि ती लिहिते की महारही मांगांना आपल्यापेक्षा हलकं समजतात. वरच्यांचं वारं त्यांनाही लागलं आहे. म्हणजे बाबासाहेबांनी जे सिद्धांत म्हणून मांडलं ते ही मुलगी ऐंशी वर्षं आधी आपल्या गल्लीत बघून लिहीत होती. तळाशी राहूनही तिने फक्त वरच्याकडे बोट दाखवलं नाही. हा प्रामाणिकपणा मधल्या ओळीतल्या आमच्यासारख्यांना फार कमी वेळा साधला आहे.

साधला तो जोतीरावांना. हे मी मुद्दाम सांगते, कारण जोतीरावही मधल्याच ओळीतले. माळी. पेशव्यांना फुलं पुरवायची म्हणून घराण्याचं नाव फुले पडलं. आमच्या लोकांनी मडकी पुरवली, त्यांच्या लोकांनी फुलं. दरबाराशी नातं एकाच जातीचं, गरजेपुरतं. शाळा काढल्यावर १८४९ साली वडील गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढलं. जातवाल्यांचा दबाव होता. आणि १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरातला पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. या हौदाबद्दल आपण शाळेत एका ओळीत वाचतो. त्या काळच्या गंज पेठेत याचा अर्थ काय झाला असेल याचा विचार करायला हवा. दुष्काळाच्या दिवसात शेजारी काय बोलले असतील, नातेवाइकांनी ताटाला ताट लावणं बंद केलं असेल, लग्नकार्याच्या आमंत्रणाच्या अक्षता यायच्या थांबल्या असतील. वरच्याविरुद्ध लिहायला धैर्य लागतंच. पण आपल्या खालच्या पायरीवरच्या माणसाला आपल्याच हौदावर बोलावणं हे मला त्याहून अवघड वाटतं, कारण तिथे आपण मिळवलेली इवलीशी उंची सोडावी लागते. बाबासाहेबांनी १९४६ साली शूद्रांच्या उगमावरचं आपलं पुस्तक जोतीरावांना अर्पण केलं आणि त्यांना आधुनिक भारतातला सर्वांत थोर शूद्र म्हटलं, त्यात ही गोष्ट धरलेली आहे असं मला वाटतं.

याच पुण्यात १९२९ साली पर्वतीच्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह झाला. शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज त्यात पुढे होते. सत्याग्रहींवर दगडफेक झाली. पर्वतीवर रोज पहाटे फिरायला जाणारे शेकडो लोक आहेत, मीही अधूनमधून जाते. त्या पायऱ्यांवरचा हा इतिहास पुणेकराला घरातून सांगितला जात नाही.

आता लग्नाकडे येते, कारण वर्षभर फिरून फिरून सगळी पुस्तकं मला तिथेच आणून सोडत होती.

बाबासाहेब पंचवीस वर्षांचे असताना, ९ मे १९१६ रोजी, कोलंबिया विद्यापीठात त्यांनी भारतातल्या जातींवर एक निबंध वाचला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न करण्याने. आणि हे कुंपण टिकवायचं तर जातीतल्या स्त्री-पुरुषांची संख्या जुळलेली राहिली पाहिजे. नवरा मेला की बाई ‘जादा’ उरते. ती जातीबाहेर लग्न करेल किंवा जातीतल्या कुणा कुमारीच्या वाट्याचा नवरा घेईल. म्हणून तिला जाळायचं, नाहीतर आयुष्यभर विधवा ठेवायचं. बायको मेली की पुरुष ‘जादा’ उरतो; त्याला तर जाळता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी आणायची. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह. ज्या तीन गोष्टींवर एकोणिसावं शतक सुधारणा म्हणून भांडत होतं, त्या तिन्ही जातीचं कुंपण राखण्याच्या युक्त्या होत्या, हे त्यांनी इतक्या थंडपणे, गणितासारखं मांडलं आहे की वाचताना अंगावर काटा येतो. एका वर्गाने आपलं दार आतून लावून घेतलं आणि बाकीच्यांना ते आपल्यासाठी बंद झालेलं आढळलं, असंही ते म्हणतात. मग त्या बाकीच्यांनीही आपापली दारं लावून घेतली.

इरावती कर्वे वेगळ्या वाटेने आल्या. डेक्कन कॉलेजात त्यांनी आयुष्य काढलं. तरुणपणी बर्लिनमध्ये कवट्या मोजून वंशश्रेष्ठत्वाचा सिद्धांत तपासला, आणि मोजमाप त्याला दुजोरा देत नाही हे गुरूच्या मर्जीविरुद्ध मांडलं. १९६१ साली हिंदू समाजावर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी कुंभारांचं उदाहरण घेतलं आहे. महाराष्ट्रात कुंभार ही एक जात नाही. थोरचाके वेगळे, ल्हानचाके वेगळे, चाक न वापरता हाताने घडवणारे हातघडे वेगळे, आणि त्यांच्यात आपसात लग्नं होत नाहीत. एका मोठ्या जातीचे हे तुकडे पडले नाहीत, मुळात निरनिराळ्या लोकांनी तोच धंदा धरला, असं त्यांचं म्हणणं.

मी ते पान घेऊन मुंढव्याला केशवनगरात आत्याकडे गेले. तिथे आजही कुंभारांची वस्ती आहे. दिवाळी जवळ आली होती, अंगणभर पणत्या वाळत होत्या, चाक आता विजेवर फिरतं आणि आत्या पाटावर बसून पणत्यांना गेरू लावत होती. वय सत्तरीच्या पुढे. म्हटलं, आत्या, आपण थोरचाके का ल्हानचाके?

“थोरचाके,” ती मान वर न करता म्हणाली. “त्यात काय विचारायचं?”

“मग ल्हानचाक्यांत मुलगी देत नाहीत?”

“आमच्या टायमाला न्हवते देत. जेवायला बसायचो शेजारी, पण सोयरीक न्हाई.”

“का गं? दोघंही कुंभारच ना?”

तिने गेरूचा कुंचला वाटीत ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. “तुला सांगू का, मला ठाव न्हाई. माझ्या सासूला ठाव असंल तर तिनं सांगितलं न्हाई. पण माझ्या थोरल्या बहिणीला ल्हानचाक्यातलं चांगलं स्थळ आलं होतं, मुलगा रेल्वेत होता. दादा न्हाई म्हनले. मग तिला बिजवराला दिली.”

ती ही गोष्ट अगदी सहज बोलली. मी मात्र त्या १९१६ च्या निबंधातली ‘लग्नाच्या वयाची जमवाजमव’ माझ्याच घरात ऐकत होते. थोरली आत्या मला पुसटशी आठवते, तिच्या कपाळावर कुंकू आठवत नाही.

कर्वे आणि आंबेडकर यांच्यात निवड करायची झाली तर मी आंबेडकरांकडे जाते. कर्व्यांचं म्हणणं थोरचाक्यांच्या बाबतीत खरंही असेल. जात म्हणजे फुगलेलं नातलगांचं कुटुंब, हे आमच्या कुठल्याही लग्नात उभं राहिलं की पटतं. पण त्याने कोण आत आहे हे कळतं, कोण कुणाच्या वर आहे हे कळत नाही. दादांनी रेल्वेतला मुलगा का नाकारला आणि त्याची किंमत मुलीने का दिली, याचं उत्तर मला कोलंबियातल्या त्या पंचवीस वर्षांच्या मुलाने दिलं.

वर्षभरात विज्ञानही थोडं वाचलं. जनुकांच्या अभ्यासातून आता असं दिसतं की साधारण चार हजार ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या काळात या देशातले लोक एकमेकांत भरपूर मिसळत होते, आणि त्यानंतर हे मिसळणं आटत गेलं. म्हणजे कुंपण अनादि नाही. शिरूर तालुक्यातलं इनामगावही पाहिलं, डेक्कन कॉलेजने खणून काढलेलं, तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव. तिथे कुंभाराचं घर आणि भट्टी सापडली आहे. कारागिरांची घरं गावाच्या पश्चिमेच्या कडेला आणि ऐपतदारांची मध्यभागी. ते वाचून लगेच ‘बघा, जात तेव्हाही होती’ असं म्हणायचा मोह होतो. तो आवरायला हवा. भट्टीचा धूर नको म्हणून कुंभार कडेला राहिला असेल. आजही भट्टी वस्तीच्या मध्ये कुणाला नको असते. पुरावा जिथे थांबतो तिथे आपणही थांबावं, हे मला दामोदर कोसंबींच्या लेखनातून शिकायला मिळालं. पुण्याच्या टेकड्यांवर आणि आसपासच्या खेड्यांत पायी हिंडत, शेंदूर फासलेले दगड आणि गारगोटीची बारीक हत्यारं बघत त्यांनी इतिहास लिहिला. आत्याला जाऊन विचारावं हे सुचलं तेही त्यांच्यामुळेच.

सावित्रीबाईंचं २९ ऑगस्ट १८६८ चं पत्र मी या सगळ्या वाचनाच्या मधोमध ठेवते. नायगावहून जोतीरावांना लिहिलेलं. गणेश नावाचा ब्राह्मण मुलगा पंचांग घेऊन गावोगाव फिरत असे, त्याचं आणि सारजा नावाच्या अस्पृश्य मुलीचं प्रेम जमलं. ती सहा महिन्यांची गरोदर. गावाला कळलं तेव्हा दोघांना वाजतगाजत मारायला नेलं. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रजांच्या कायद्याचा धाक घातला, आणि दोघांचा जीव वाचवून त्यांना जोतीरावांकडे पाठवून दिलं. दीडशे वर्षं होऊन गेली. आजच्या वर्तमानपत्रात गावाचं आणि माणसांची नावं बदलून हेच येतं, आणि बऱ्याचदा धावत जाणारं तिथे कुणी नसतं. २०११-१२ च्या देशव्यापी पाहणीत आंतरजातीय लग्नांचं प्रमाण सुमारे पाच टक्के निघालं होतं.

सध्या माझ्या भाचीची स्थळं बघणं चाललंय. वधू-वर सूचक केंद्राचा अर्ज तिने माझ्यासमोरच भरला. जात, पोटजात, देवक, रास, नाडी, रक्तगट, उंची, पगार. अर्ज आता मोबाइलवर असतो आणि पोटजातीच्या रकान्यात यादी खाली उघडते. भाचीने विचारलं, “आत्या, इथे काय टाकू?” माझा भाऊ स्वयंपाकघरातून म्हणाला, “टाक ना जे आहे ते.” मी म्हटलं, रिकामं ठेव. रिकामं ठेवलं तर अर्ज पुढेच सरकत नाही. शेवटी तिने ‘चालेल: कोणतीही’ असा एक पर्याय शोधून काढला, तो अपेक्षांच्या पानावर होता, आणि भावाने तो बघून काहीच म्हटलं नाही. पुढे काय होईल मला सांगता येत नाही. भाऊ वाईट माणूस नाही. त्याला नातेवाइकांत तोंड दाखवायचं आहे, एवढंच तो म्हणतो, आणि दादाही तेव्हा एवढंच म्हणाले असतील.

केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ ला निर्णय घेतला की येत्या जनगणनेत जात मोजली जाईल. सगळ्या जातींची अशी मोजणी शेवटची १९३१ साली झाली होती. आमच्या समाजाच्या बैठकांत यावर उत्साहाने बोललं जातं, आपली संख्या किती, आपल्याला काय मिळालं पाहिजे. मिळायलाच हवं, मागासलेपणाचा हिशोब आकड्यांशिवाय मांडता येत नाही आणि हा आकडा इतकी वर्षं टाळला गेला याचा मला राग आहे. पण त्याच बैठकांत मी एकदा उभी राहून मडक्याची गोष्ट सांगितली. काही जण नाराज झाले. एक वयस्कर काका म्हणाले, “ताई, आपण गरीब माणसं, आपला काय दोष?” दोषाबद्दल मी बोलतच नव्हते. आमचा इतिहास गोरोबाकाकांपाशी सुरू होऊन तिथेच संपू नये, त्यात आमच्या चाकावरून उतरलेलं सगळं यावं, एवढंच मी मागत होते. बैठकीनंतर दोन तरुण मुलं मुक्ताचा निबंध कुठे मिळेल ते विचारायला आली. त्यांना मी फोनवर फोटो काढून पाठवला.

आता मी मोडी शिकते आहे. आधी कागदावर आडवी रेघ मारून घ्यायची आणि मग हात न उचलता अक्षरं लटकवत न्यायची. माझा हात अजून अडखळतो. पेशवे दफ्तरात बलुत्याचे तंटे आहेत, वेठीच्या तक्रारी आहेत, कोठीचे जमाखर्च आहेत. त्यात कुंभारांची नावं असणार. कुणी किती मडकी दिली, कुणाच्या हुकमाने दिली, बदल्यात पैसे मिळाले की दाणे, आणि कुणी कधी द्यायला नकार दिला का, हे मला त्यांच्याच काळाच्या अक्षरात वाचायचं आहे.